जिन्याची खालची पायरी

मिरजेच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. घर जुनं, माडीवर जायला सागवानी जिना. खालच्या पायरीचा कोपरा पुढे आलेला, त्यावर येता-जाता सगळ्यांच्या नडग्या शेकून निघतात. सुतार म्हणतो, आहे त्याच पायरीवर गोल कडेची जाड फळी ठोकून देतो, दिसेलही झोकात. करून घेऊ का, असं त्यांनी विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय की, गेल्या पावसाळ्यात सासूबाई पहाटे उतरताना शेवटच्या पायरीला चुकल्या नि त्यांचं मनगट मोडलं.

अहो, खरं पत्र तर तिथंच सुरू होतं!

गोल पायरी जरूर करा. पण जुनीवर फळी ठोकून मात्र नको. जिना उतरताना आपण दरवेळी खाली बघत नाही. दोन पायऱ्या झाल्या, की पायाला उंची कळते आणि पुढचं पाऊल आपोआप तेवढंच खाली जातं. सात इंचांच्या पायरीवर इंचभर फळी चढली, की ती आठाची झाली आणि तिच्या वरची सहाची. पाय मात्र सातच इंच उतरायला जातो. त्यातून कडेवर मूल असलं, म्हणजे पुढचं सांगायला नकोच.

तेव्हा आधी ब्लाउजच्या मापाची टेप घ्या आणि प्रत्येक पायरीची उंची कागदावर लिहून काढा. दोन-तीन सुतांहून जास्त फरक निघाला, तर तो आधी सुताराला दाखवा. (घरातल्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेसात इंचांपेक्षा उंच नसावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. जुन्या माड्यांचे जिने याहून खडे असतात, त्याला इलाज नाही. पण उंची सारखी हवी.) सासूबाई का चुकल्या, तेही या मापात सापडेल कदाचित. खोलीत जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली असेल, तर खालची पायरी तेवढी ठेंगणी होते, आणि तो दोष सुताराला काढता येत नाही. फरशी बदलायची असेल तर जुनी उखडून त्याच पातळीला नवी बसवा. फरशी आधी, पायरी मागाहून.

आता आकार. एका बाजूला भिंत असेल तर मोकळ्या बाजूचाच कोपरा गोल करायचा. जिना दोन्ही बाजूंनी मोकळा असेल, तर दोन्ही टोकं गोल. सुतार सांगेल त्या मापाला लगेच हो म्हणू नका. वर्तमानपत्र त्या आकारात कापून जमिनीवर चिकटवा नि दोन दिवस त्याच्या भोवती वावरा. दार अडतं का, केर काढताना पाय अडखळतो का, ते तुम्हालाच कळणार, सुताराला नाही.

जुनी पायरी काढण्याआधी कठड्याचा खांब कशावर उभा आहे ते बघायला सांगा. तो त्याच पायरीत रोवलेला असेल तर आधी त्याला टेकू हवा, नाहीतर सगळा कठडा डुगडुगायला लागेल. पायरी निघाली की आत बॅटरीचा उजेड टाकून बघा. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर औषध मारून घ्यायची हीच संधी. पुन्हा आत कोण बघायला जाणार?

समोरची उभी फळी वळवायला सुतार तिच्या पाठीला जवळजवळ करवतीच्या खाचा देतात. त्यामागे लाकडी ठोकळे डिंकाने नि स्क्रूने पक्के बसवलेत ना, ते पाहा. नुसत्या पातळ फळीला बादली लागली तरी तडा जातो. खिळे नकोत, काही दिवसांत सैल होऊन कुरकुरायला लागतात. फळीची पुढची कड बाकीच्या पायऱ्यांइतकीच पुढे असू द्या आणि जमिनीला लागणाऱ्या लाकडाला खालून रंगाचा हात द्या, कारण रोजचं ओलं फडकं तिथंच पाणी सोडतं. पॉलिश करा, पण वरून मेण घासू नका. पाय सटकतो.

पहाटेसाठी वर-खाली दोन्हीकडून लागणारा दिवा त्याच वेळी करून घ्या. आणि जुनी फळी सुताराला नेऊ देऊ नका हं, चांगल्या सागवानाचा एक पाट सहज निघेल.