आधी थांबायला शिकवा

रिमोटवर धावणारा ट्रक पळवायला रायपूरइतकी सोयीची जमीन शोधूनही सापडायची नाही. शहराबाहेर पडलं की भाठा, म्हणजे लालसर, मुरमाड, खड्यांनी भरलेली माळजमीन. जरा खाली उतरलं की पिवळसर मटासी. आणि सखल शेतांतून काळी कन्हार, पाऊस पडला की पाय धरून ठेवणारी! एकाच संध्याकाळी गाडीच्या तीन-तीन परीक्षा. पण गाडी नापास होते ती बहुतेकदा मातीमुळे नव्हे, पोटातल्या वायरींमुळे.

बाजारातलं खेळणं आणि छंदाचा ट्रक यांत मोठा फरक आहे. खेळण्यात सगळं एकाच पट्टीवर डाग देऊन बसवलेलं असतं. बिघडलं की गाडी माळ्यावर. छंदाच्या ट्रकमध्ये प्रत्येक भाग सुटा असतो, हाताने जोडता येतो, बदलता येतो. मूळ गाडीच्या एक दशांश आकाराचा असा ट्रक दोन-अडीच किलो वजनाचा असतो आणि ताशी ४० किलोमीटर वेग सहज गाठतो. म्हणजे सेकंदाला अकरा मीटर! कॉलनीतल्या रस्त्यावर रांगणाऱ्या बाळाच्या अंगावर तो गेला तर काय होईल, हे कुठल्याही आईला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच या छंदाचा पहिला धडा गाडी पळवण्याचा नाही, थांबवण्याचा आहे.

सहा जणांचं कुटुंब

या ट्रकचा कारभार सहा जण चालवतात. हातातला ट्रान्समीटर हुकूम सोडतो. गाडीतला रिसीव्हर तो ऐकतो आणि वाटून देतो. सर्व्हो नावाची छोटी डबी चाकं डावी-उजवीकडे वळवते. स्पीड कंट्रोलर मोटरला किती वीज द्यायची ते ठरवतो, मोटर राबते आणि बॅटरी सगळ्यांना पोसते.

यांच्यामध्ये दोन प्रकारच्या वायरी असतात. बॅटरी, स्पीड कंट्रोलर आणि मोटर यांच्यातल्या जाड वायरींतून ताकद वाहते. रिसीव्हरला जोडलेल्या बारीक, तीनपदरी वायरींतून मुख्यतः हुकूम जातो. हा हुकूम म्हणजे विजेचा एक छोटासा ठोका, सेकंदाला साधारण पन्नास वेळा पडणारा. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होचा अर्थ ‘सरळ राहा’. एक मिलिसेकंदाचा झाला तर एका बाजूला वळा, दोनचा झाला तर दुसऱ्या. स्पीड कंट्रोलरही हीच भाषा बोलतो.

तीनपदरी वायरीत काळा किंवा तपकिरी पदर ऋण, मधला लाल धन आणि पांढरा, पिवळा किंवा नारिंगी पदर हुकुमाचा. रिसीव्हरच्या पहिल्या खोबणीत सहसा सर्व्हो आणि दुसऱ्यात स्पीड कंट्रोलर बसतो. रिसीव्हरला लागणारी पाच-सहा व्होल्टची वीज बहुतेक स्पीड कंट्रोलर याच लाल पदरातून पुरवतात. तेव्हा रिसीव्हरला वेगळी बॅटरी लावण्याच्या फंदात पडू नये.

जोडताना

पहिला नियम : चाकं अधांतरी. गाडीच्या पोटाखाली लाकडी ठोकळा ठेवावा, म्हणजे चुकून मोटर फिरलीच तर गाडी टेबलावरून उडी मारणार नाही.

बॅटरी सगळ्यात शेवटी जोडावी. धन-ऋण उलटं लागलं तर बहुतेक स्पीड कंट्रोलर क्षणात जळतो, त्याला दुसरी संधी नसते. बॅटरीचा प्लग बदलायचा असेल तर दोन्ही वायरी एकदम कधीही कापू नयेत. कात्रीच्या पात्यानेच दोन्ही टोकं जोडली जातात आणि ठिणगी उडते. एक वायर कापावी, तिला डाग द्यावा, वर आकसणारी नळी चढवावी आणि मगच दुसरीला हात लावावा. मुलगा लहान असेल तर हे काम बाबांनी किंवा ताईने करावं.

मोटर उलटी फिरली तर घाबरायचं कारण नाही. ब्रशवाल्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. साध्या ब्रशलेस मोटरला तीन वायरी असतात, त्यांतल्या कुठल्याही दोन बदलल्या की काम झालं.

जाड वायरी आणि रिसीव्हर यांच्यात अंतर ठेवावं. अँटेनाची वायर नळीतून उभी करावी, तिची घडी घालू नये, कापू तर मुळीच नये. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं शेवटचं तीनेक सेंटिमीटरचं टोकच खरं काम करतं.

सूर लावताना

सर्व्होचा दांडा घाईने बसवू नये. आधी वीज द्यावी, रिमोटवरचं ट्रिम शून्यावर आणावं, सर्व्हो मध्यावर आला की मग दांडा लावावा. चाकं पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो अडथळ्याशी झुंजतोय असं समजावं आणि रिमोटवरून त्याची धाव कमी करावी. नाहीतर तो तापून जळतो. त्यानंतर स्पीड कंट्रोलरला रिमोटची ओळख करून द्यायची : मध्य कुठे, पूर्ण वेग कुठे, ब्रेक कुठे. बॅटरी कोणत्या जातीची आहे तेही त्याला सांगावं लागतं.

आणि आता ती महत्त्वाची परीक्षा. चाकं अधांतरी ठेवून थोडा वेग द्यावा आणि चालू गाडीत रिमोट बंद करावा. चाकं थांबली तर उत्तम. फिरत राहिली तर तो ट्रक त्या दिवशी घराबाहेर काढू नये. हुकूम तुटला तर काय करायचं, हे रिसीव्हरला आधीच शिकवून ठेवावं लागतं. ‘मोटर बंद’ हेच त्याचं उत्तर हवं. रिमोटचे सेल संपले, गाडी टप्प्याबाहेर गेली, तरी ती आपणहून थांबली पाहिजे.

दुरून हुकूम देण्याची ही करामत फार जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वायरीविना चालणारी छोटी बोट दाखवली होती. पुढे २७ मेगाहर्ट्झच्या गाड्या आल्या. दोघांकडे एकाच क्रमांकाचा क्रिस्टल असला की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळायची! २.४ गिगाहर्ट्झने ती कटकट मिटवली. त्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना भारतात २००५ पासून परवानाही लागत नाही.

ऊन, चिखल आणि बॅटरी

रायपूरचा मे महिना माणसाला सोसत नाही, तिथे बॅटरीची काय कथा! लिथियम पॉलिमरची बॅटरी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये. तिचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो आणि तीन व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. सुट्टी संपून गाडी कपाटात जायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्ट ठेवावेत. चार्जिंग त्याच जातीच्या चार्जरवर, फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर आणि घरात कुणीतरी जागं असताना करावं. रात्रभर लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

जूननंतर कन्हारच्या चिखलात उतरायचं असेल तर रिसीव्हर झाकणाच्या डबीत बंद हवा. घरी आल्यावर बॅटरी काढून गाडी पुसावी आणि प्लग वाळू द्यावेत. ब्रशलेस मोटरचे बेअरिंग गंजले तर दोष पावसाचा नव्हे, आळसाचा.

मुलाला एकच ओळ पाठ करून द्यावी. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.