जळलेलें घर आणि बंद घर

पूर्वी घडलेल्या हिंसेचे राजकारणावर दीर्घकाळ काय परिणाम होतात, या विषयावर पीएच्. डी.चा प्रबंध लिहूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्याकडे दोन उपदेशक हटकून भेटतात. एक म्हणतो, झालें गेलें गंगेला मिळालें, खपली काढूं नका. दुसरा म्हणतो, शोध कसला करतां? सारें १९४८ सालींच ठरून गेलें आहे. आमच्या मतें हे दोघेहि सारखेच ज्ञानाचे वैरी होत.

३० जानेवारी १९४८ रोजीं नथुराम गोडसे यानें गांधीजींची हत्या केली, आणि मारेकरी ब्राह्मण एवढ्याच कारणावरून सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओहि त्या आगींतून सुटला नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' याच प्रसंगावर आहे. तेव्हांपासून, ब्राह्मण खेडें सोडून गेला व गांवच्या सत्तेंतून उठला तो या आगीमुळेंच, हें विधान आपण बिनतक्रार घोकीत आलों आहों.

हें विधान पारखावयाचें तर शोधकानें कोल्हापुराहून आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या वाटेवरील पालीस यावें व आसपासच्या गांवांतून हिंडावें. आगीची मुख्य झळ लागली ती घाटावर; पण बंद घरें घाटाखालच्या मुलुखांतहि आहेत. त्यांस कुलुपें लागलीं तीं मुंबईच्या नोकरीनें, १९४८ च्या कूळकायद्यानें, १९४९ च्या खोती-निर्मूलनाच्या कायद्यानें. घाटावरच्या स्थलांतरांतून ही वजाबाकी केल्यावर जें उरेल, तेवढेंच आगीच्या खातीं मांडतां येईल. वजाबाकी न करतां लिहिलेला प्रबंध म्हणजे पदवी मिळालेली अफवा होय.

ही अपेक्षा अवास्तव नाहीं. फोइग्टलेंडर आणि फोट या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं जर्मनीविषयीं असाच शोध प्रसिद्ध केला. चौदाव्या शतकांतील महामारीच्या वेळीं ज्या नगरांत ज्यूंची कत्तल झाली, त्यांची तुलना त्यांनीं कत्तल न झालेल्या नगरांशीं केली. आणि पहिल्या नगरांत १९२८ च्या निवडणुकींत नाझी पक्षास अधिक मतें पडल्याचें दाखविलें. परंतु दूरच्या व्यापारावर जगणाऱ्या हान्सा संघाच्या नगरांत हा दुवा तुटलेला आढळला. मग घरटीं माणूस मुंबईस धाडणाऱ्या आमच्या कोंकणांत जुनें वैर विरलें कीं टिकलें? हा प्रश्न कोणा विद्यार्थ्यानें हातीं घेण्याजोगा आहे.

परंतु त्यानें एक गोष्ट विसरूं नये. आगीला तारीख असते, वेठीला नसते. खोतानें कुळाकडून घेतलेली वेठ आणि अस्पृश्यांवर पिढ्यान् पिढ्या चाललेला जुलूम यांचा पंचनामा कोणी केला नाहीं. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधानसभेंत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें, तें याच अन्यायाविरुद्ध. वेठीनें आगीचें समर्थन होत नाहीं, हें आम्ही निक्षून सांगतों. पण केवळ जळलेलीं घरें मोजणारा शोध एकाच पक्षाची फिर्याद ठरतो.

पहिला उपदेशक म्हणतो तसें शोधकानें गप्प बसावयाचें ठरविलें, तर १९४८ चा विषय मिटणार नाहीं. तो निवडणुकीच्या सभांतील वक्त्यांच्या हातीं जाईल. त्यांना वजाबाकी नको असते.