सामुद्रधुनीचा राखणदार

मे २०२५मध्ये पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानी सफरचंदांवर बहिष्कार टाकला. पाकिस्तानची उघड पाठराखण करणाऱ्या देशाबद्दलचा तो संताप रास्तच होता. तरीही या देशाचा हिशेब थंड डोक्याने मांडायला हवा. मधल्या फळीतल्या सत्तांची ताकद कशात असते आणि ती कुठे संपते, हे तिथे लख्ख दिसते.

तुर्कस्तान १९५२पासून नाटोत आहे. तरी २०१९मध्ये त्याने रशियाची एस-४०० यंत्रणा घेतली आणि त्यापायी एफ-३५ प्रकल्पातली जागा गमावली. युक्रेनला त्याने बायरक्तार ड्रोन विकले, पण रशियावर निर्बंध घातले नाहीत. स्वीडनचा नाटोप्रवेश त्याने जवळपास वीस महिने अडवून धरला. जानेवारी २०२४मध्ये तुर्की संसदेने तो मान्य करताच अमेरिकेने एफ-१६ विमानांच्या विक्रीला हिरवा कंदील दाखवला. याला दुटप्पीपणा म्हणताना जरा जपून. एस-४०० घेणाऱ्यांत आणि निर्बंध न घालणाऱ्यांत आपणही आहोत.

मात्र या घासाघिशीपेक्षा मोलाची ठरली ती सामुद्रधुन्यांतील जहाजांच्या ये-जा नियमांच्या, १९३६च्या माँट्रो कराराची अंमलबजावणी. रशिया-युक्रेन युद्ध पेटताच, फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस, एर्दोगान सरकारने बॉस्फरस आणि डार्डानेल्समधून युद्धनौकांची वाट रोखली. एप्रिलमध्ये रशियाची ‘मॉस्क्वा’ ही युद्धनौका बुडाली, तेव्हा तिच्या जागी बाहेरून दुसरी युद्धनौका आणणे रशियाला शक्य नव्हते. पुढे ब्रिटनने युक्रेनला देऊ केलेल्या दोन सुरुंगशोधक नौकांनाही तुर्कस्तानने तोच नियम लावला. वॉशिंग्टन किंवा मॉस्को इतक्या समबुद्धीने वागल्याचे उदाहरण शोधावेच लागेल.

मध्यस्थीचे तसे झाले नाही. जुलै २०२२च्या इस्तंबूल करारामुळे वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य आणि खाद्यमाल युक्रेनी बंदरांतून बाहेर पडला. जुलै २०२३मध्ये रशिया उठून गेला आणि करार संपला. मध्यस्थाची पत बड्या सत्तेच्या मर्जीवर टिकते. माँट्रोचा कागद तसा नव्हता. परिषदांतल्या छायाचित्रांवर भाळणाऱ्या दिल्लीकरांनी हा फरक ध्यानात घ्यावा. नंतर युक्रेनची जहाजे रुमानिया-बल्गेरियाच्या किनाऱ्यालगतून निघू लागली. पाण्यातले सुरुंग काढण्यासाठी तुर्कस्तानने जानेवारी २०२४मध्ये याच दोन शेजाऱ्यांशी करार केला. त्यासाठी मॉस्कोच्या सहीची गरज पडली नाही.