पाणी आणि मन

आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव धान जगवतात. गोल्फच्या मैदानात मात्र खेळाडूचे मन पारखण्यासाठी मुद्दाम तळे ठेवतात! अमेरिकेतील सॉग्रास येथे १९८० साली खुल्या झालेल्या मैदानातील सतराव्या भोकाची हिरवळ म्हणजे पाण्यातले बेटच. अंतर अवघे १३७ यार्ड. एरवी कसलेला खेळाडू तेवढा फटका सहज मारील. पण समोर पाणी दिसताच हात आखडतो, चेंडू बुडतो आणि दंडाचा एक फटका वाढतो. कसोटी असावी, याबद्दल दुमत नाही. परंतु नवख्यासाठी, लांबची का होईना, एक कोरडी वाट हवीच. तेथे ती नाही. अशी कसोटी माणसाला घडवीत नाही, नुसती घाबरवते. परीक्षा घेणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे.