नवागत, वंशभाव आणि मौनाचा पक्ष

बाहेरून आलेल्या माणसाचा रंग, चेहरेपट्टी किंवा जन्मप्रांत पाहून त्याचा स्वभाव, त्याची स्वच्छता आणि त्याचा प्रामाणिकपणा परस्पर ठरवून टाकणे, आणि तो स्वभाव त्याच्या रक्तातच असल्यामुळे बदलणार नाही असे धरून चालणे, या वृत्तीला येथे वंशभाव म्हटले आहे. महाराष्ट्रात या वृत्तीविषयी दोन विधाने नेहमी ऐकू येतात. ती आपल्याकडे नाहीच, हे पहिले. आणि असली तरी तिची जाहीर चर्चा करू नये, कारण त्याने नसते वाद उकरले जातात, हे दुसरे. ही दोन्ही विधाने एकमेकांशी जुळत नाहीत, तरी ती बहुधा एकाच तोंडून येतात. या दुहेरी भूमिकेला मौनाचा पक्ष म्हणता येईल. ठाण्याच्या कोलशेत परिसरावर हा पक्ष घासून पाहिला तर तो टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कोलशेत हे खाडीकाठचे आगरी-कोळी गाव. मासेमारी, भातशेती आणि खाडीतील रेती यांवर जगलेल्या या गावाच्या शेजारी स्वातंत्र्योत्तर काळात रसायनांचे कारखाने उभे राहिले, हवाई दलाचे ठाणे आले, आणि कारखान्यांचे दिवस संपल्यावर त्यांच्याच जमिनींवर उंच इमारतींची संकुले चढू लागली. क्लॅरियंट कंपनीची कोलशेतमधील सुमारे 87 एकर जमीन 2014मध्ये लोढा समूहाकडे गेली, ही त्यातील ठळक घटना. गावकऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर नवागतांची पहिली मोठी लाट मराठीच होती. गिरगाव, दादर, कोकण आणि देशावरून नोकरीनिमित्त ठाणे-डोंबिवलीत आलेल्या पांढरपेशा वर्गाने आगरी बोलीची टिंगल केली, तिच्या हेलाची नक्कल केली, काळ्यासावळ्या रंगावरून आणि राहणीवरून माणसांची किंमत केली. आज याच वर्गाची पुढची पिढी उत्तर भारतीयाकडे बोट दाखवून स्वतःला भूमिपुत्र म्हणवते, आणि ज्याची भूमी खरोखर गेली तो आगरी-कोळी या वादात साक्षीदारापुरता उरतो. नवागत कोण, हा प्रश्न येथे थरावर थर चढलेला आहे, आणि म्हणूनच तो मोकळेपणाने बोलण्यासाठी हे ठिकाण योग्य आहे.

मौनाच्या पक्षाचा पहिला युक्तिवाद विद्वत्तेचा आधार घेतो. वंश ही युरोपीय कल्पना असून भारतात जात, भाषा आणि प्रांत हे भेद आहेत, वंशाचे नाहीत, असे तो सांगतो. यात तथ्यांश आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदीचे लांबीशी असलेले प्रमाण मोजून त्यावरून जातींची उतरंड वंशाने लावण्याचा उद्योग केला, तेव्हा गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932च्या आपल्या ग्रंथात त्याची कठोर तपासणी केली. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936मध्ये जातिभेद हा वंशभेद नव्हे असे स्पष्ट मांडले आणि 1946मध्ये शूद्रांच्या उत्पत्तीचा विचार करताना आर्य वंशाच्या सिद्धांताचाच पाया काढून घेतला. इरावती कर्वे यांचे उदाहरण तर अधिक जवळून पाहण्यासारखे आहे. 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांची मोजमापे घेतली. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशानुसार बदलते आणि तिच्यावरून बुद्धीचे श्रेष्ठकनिष्ठत्व दाखवता येते, असे गुरूचे अनुमान होते. कर्वे यांच्या मोजमापांतून असा कोणताही संबंध निघाला नाही, आणि त्यांनी तसे आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या शिक्क्यावर पदवी अवलंबून होती त्याच्याच अनुमानाविरुद्ध हे लिहिण्यास केवढे धैर्य लागले असेल, याची जाणीव मराठी वाचकाने ठेवावी.

परंतु या सर्व विद्वानांनी सिद्ध केले ते एवढेच की वंशावरून माणसाची गुणवत्ता ठरते हे मत खोटे आहे. खोटे मत समाजात नांदत नाही, असे त्यांपैकी कोणीही म्हटले नाही. उलट, ज्या समजुतीला मोजमापाचा आधार नाही ती केवळ सवयीवर आणि ऐकीव गोष्टींवर जगते, आणि अशी समजूत न बोलल्याने मरत नाही, कारण तिला आव्हान मिळण्याचा प्रसंगच येत नाही.

आपला वाद भाषेचा व पोटाचा आहे, वंशाचा नाही, हे म्हणणे कोलशेत रस्त्यावरील व्यवहारालाच लावून पाहावे. मोठ्या संकुलात सदनिका विकत घेणारा तमिळ बँक अधिकारी, मारवाडी व्यापारी किंवा पंजाबी अभियंता मराठीचा एक शब्द न बोलता वर्षानुवर्षे राहतो आणि त्याला कोणी परप्रांतीय म्हणत नाही. तो सभासद असतो, समितीवर येतो, गणेशोत्सवाच्या वर्गणीत त्याचे नाव वर असते. त्याच संकुलाच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा पूर्वांचलातील पहारेकरी कामापुरते मराठी शिकतो, तरी भय्याच राहतो. आसाम किंवा मणिपूरची ब्युटी पार्लरमध्ये काम करणारी मुलगी भारतीय नागरिक असून नेपाळी किंवा चिनी ठरते. भाषा हाच निकष असता तर क्रम उलटा लागला असता. मार्च 2020मध्ये करोनाच्या साथीत ईशान्येकडील लोकांना देशभर रस्त्यात त्या रोगाच्या नावाने हाका मारल्या गेल्या, केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना सूचना पाठवावी लागली, आणि त्यानंतरही एप्रिलमध्ये मुंबईत सांताक्रूझ भागात एका मणिपुरी तरुणीवर दुचाकीस्वार थुंकला. त्या तरुणीने कोणाची नोकरी घेतली नव्हती आणि कोणाच्या भाषेचा अपमान केला नव्हता. गोव्यात 2013मध्ये एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर तणाव वाढला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली होती. यास वंशभावाखेरीज दुसरे नाव नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि तो सहानुभूतीनेच ऐकला पाहिजे. वंशभावाची चर्चा सुरू केली की शेवटी स्थानिक माणसाच्या कपाळावर द्वेष्टेपणाचा शिक्का बसतो, आणि त्याची जमीन गेली, खाडी नासली, कारखाने बंद पडले, ही खरी गाऱ्हाणी त्याखाली दडपली जातात, असे हा पक्ष म्हणतो. गाऱ्हाणी खरी आहेत. जानेवारी 1984मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जमिनीच्या लढ्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, ते काही परप्रांतीयांच्या द्वेषापायी नव्हे. उद्योगांत स्थानिकांना 80 टक्के रोजगार मिळावा, असा नोव्हेंबर 2008चा शासन निर्णय आहे, आणि त्याची अंमलबजावणी मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. मराठीचा वापर दुकानात, बँकेत, कार्यालयात व्हावा, ही मागणीही रास्तच आहे. या दोन मागण्या, म्हणजे उपजीविकेची आणि भाषेची, एका बाजूला. आणि अमुक प्रांताचा माणूस जन्मतःच घाणेरडा, गुन्हेगार किंवा लंपट असतो, हे मत दुसऱ्या बाजूला. पहिल्या दोन्ही मागण्या शासन, कारखानदार आणि कंत्राटदार यांच्याकडे करायच्या असतात. दुसऱ्या बाजूचे मत फक्त फाटकावरच्या पहारेकऱ्यावर आणि हातगाडीवाल्यावर कोसळते. मौनामुळे हे तिन्ही एकत्र कालवले जातात, आणि मग जमीन विकत घेणारा सुखरूप राहतो व भाजी विकणारा मार खातो. भूमिपुत्राच्या गाऱ्हाण्याला न्याय द्यायचा असेल तर त्यातून वंशभाव वेगळा काढावा लागेल, आणि वेगळा काढायचा तर आधी त्याचे नाव घ्यावे लागेल.

काळच अशा जखमा भरून काढतो, हा तिसरा युक्तिवाद. त्यासाठी दाक्षिणात्यांचा दाखला दिला जातो. 1966मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा दक्षिण भारतीय कारकून आणि उपाहारगृहवाले हे तिचे लक्ष्य होते, आणि पुढच्याच वर्षी ठाण्याच्या नगरपालिकेत तिला पहिली सत्ता मिळाली. आज त्या वैराची आठवणही कोणाला नाही, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्या वैराचे लक्ष्य बदलले, रीत तीच राहिली. ऑक्टोबर 2008मध्ये रेल्वे भरतीची परीक्षा देण्यास आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबई, ठाणे, कल्याण परिसरातील केंद्रांवर मारहाण झाली. रीत टिकली म्हणजे ती कोणाच्याही हाती जाते. सप्टेंबर 2023मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला मराठी म्हणून जागा नाकारली गेली, डिसेंबर 2024मध्ये कल्याणच्या एका संकुलात मराठी कुटुंबाला मारहाण झाली आणि मराठी माणसांविषयी किळसवाणे बोलले गेल्याची तक्रार झाली. नोव्हेंबर 2025मध्ये कल्याणहून लोकलने निघालेल्या एका कोवळ्या विद्यार्थ्याला हिंदी बोलल्यावरून मारहाण झाल्याचे आणि त्यानंतर त्याने जीवन संपवल्याचे वृत्त आले. तो मराठी घरातलाच मुलगा होता.

याच संदर्भात उल्हासनगरचा प्रतिदाखला पुढे येतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांना सुरुवातीला हेटाळणी सोसावी लागली, साप आणि सिंधी यांत आधी कोणाला मारावे असली म्हण त्यांच्या कानांवर पडली, तरी एका पिढीत ते स्थिरावले, तेही चर्चेविना, असे म्हटले जाते. येथे एक गोष्ट विसरली जाते. सिंध्यांना 1949मध्ये स्वतःच्या नावाचे गाव मिळाले, बाजारपेठ मिळाली, पुढे नगरपालिकेत मत आणि प्रतिनिधी मिळाले. त्यांना उत्तर देता आले. चाळीत चौघांत एक खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या पहारेकऱ्याला यांपैकी काही नाही.

या वादाची सर्वांत कठोर परीक्षा मात्र परदेशात झाली आहे. 2009मध्ये मेलबर्न परिसरात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा तेथील पोलिसांनी हे हल्ले बहुतांशी संधी साधून केलेल्या लूटमारीचे आहेत, वंशद्वेषाचे नाहीत, अशी भूमिका प्रारंभी घेतली. ती भारतात कोणालाही पटली नाही. ऑस्ट्रेलियाने आपला वंशद्वेष उघडपणे मान्य करावा, त्यावर बोलावे, अशी मागणी येथील वृत्तपत्रांनी आणि पालकांनी एकमुखाने केली, आणि ती न्याय्य होती. मेलबर्नमधील आपल्या मुलासाठी जे मागितले ते कोलशेतमधील दुसऱ्याच्या मुलासाठी नाकारण्यास कोणते तत्त्व आहे, याचे उत्तर मौनाच्या पक्षाने द्यायला हवे. तसे उत्तर आजवर आलेले नाही.

कायदा पुरेसा आहे, हे म्हणणे थोडक्यात निकालात निघते. संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात वंश आणि जन्मस्थान हे शब्द आहेत, पण तो अनुच्छेद मुख्यतः राज्यसंस्थेला आणि दुकाने, उपाहारगृहे, पाणवठे अशा सार्वजनिक जागांना लागू होतो. भाड्याचे घर त्यात येत नाही. जानेवारी 2014मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी स्वतंत्र कलमे सुचवली होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंश, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला वेगळी तरतूद आहे. समितीने सुचवलेली कलमे मात्र तीत नाहीत. कायदा प्रेतापाशी पोहोचतो, फाटकापाशी नाही.

चर्चेने विष पसरते, ही भीती तेवढी उरते. तिचे निराकरण चर्चा आणि चिथावणी यांतील भेद ओळखण्याने होते. ज्याच्याविषयी बोलले जात आहे तो हजर असेल आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर देता येत असेल, तर ती चर्चा. त्याच्या पाठीमागे, त्याला बोलण्याची सोय नसताना होते ती चिथावणी. आज गृहनिर्माण संस्थांमध्ये जे चालते ते दुसऱ्या प्रकारचे आहे. भाडेकरू सभासद नसतो, त्याला मत नसते, पहारेकरी तर कंत्राटदाराचा माणूस. आणि कोणाला घर द्यावे व कोणाला देऊ नये याचे नियम कोठेही न लिहिता समितीच्या खोलीत ठरतात, ना हरकत दाखला अडवून अमलात येतात. गावातील आगरी-कोळी रहिवाशालाही त्या खोलीत जागा नसते.

महाराष्ट्रातील प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेला दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. कोलशेत रस्त्यावरील संस्थांनी या सभेपूर्वी भाडेकरू, पहारेकरी आणि गावातील जुने रहिवासी यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, वर्षभरात कोणाला घर नाकारले आणि कोणत्या कारणाने, हे सभेपुढे ठेवावे, आणि ती कारणे इतिवृत्तात शब्दशः नोंदवावीत. लिहिण्यास संकोच वाटेल असे कारण असेल, तर ते घर त्या माणसाला द्यावे.