हेलियम : सूर्यावर ओळख पटलेला वायु

वाढदिवसाच्या दिवशीं मुलांच्या हातून सुटून छताला टेकणारा फुगा आतां घरोघरीं परिचयाचा झाला आहे. परंतु त्यांत कोणता वायु भरला आहे, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. ती अवश्य करावी. हायड्रोजन व हेलियम हे दोन्ही वायु हवेपेक्षां हलके खरे; पण पहिला ठिणगी लागतांच पेट घेतो, दुसरा मुळींच जळत नाहीं. १९३७ सालीं अमेरिकेंत उतरतांना 'हिंडेनबर्ग' ही जर्मन वायुनौका जळाली, ती हायड्रोजननें भरलेली होती. औक्षणाच्या निरांजनाजवळ तसा फुगा येतां कामा नये.

हा न जळणारा हेलियम प्रथम ओळखला गेला तो पृथ्वीवर नव्हे, सूर्यावर. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून दिसलेल्या खग्रास ग्रहणांत सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा आढळली. त्याच वर्षीं नॉर्मन लॉकियर यांनीं इंग्लंडांत ग्रहणावांचून ती रेषा पाहिली व ती सोडियमची नव्हे असें ठरविलें. ग्रीक भाषेंत सूर्यास 'हेलिऑस' म्हणतात, त्यावरून या मूलद्रव्याचें नांव पडलें. लॉकियर यांनीं हा शोध विजयदुर्गावरून लाविला असें आपल्याकडे सांगतात, तें बरोबर नाहीं. ते तेथें आले ते १८९८ च्या ग्रहणास. तत्पूर्वींच, १८९५ सालीं, रॅमसे यांनीं युरेनियमच्या एका खनिजांतून हा वायु मिळविला होता.

उणे २६९ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केल्यावर हेलियमचा द्रव होतो. त्या थंडींत एम. आर. आय. यंत्राच्या तारांतून वीज विरोधावांचून वाहते व प्रबळ चुंबक तयार होतो. त्यायोगें रुग्णाच्या मेंदूचें चित्र शस्त्र न लावतां मिळतें.

भूगर्भांत युरेनियम व थोरियम यांच्या क्षयापासून हा वायु कोट्यवधि वर्षें सांचत येतो. हवेंत सुटलेला हेलियम मात्र हळूहळू अवकाशांत निघून जातो. तेव्हां त्याची उधळपट्टी बरी नव्हे.

आणखी एक. आवाज बारीक होतो म्हणून मुलें हा वायु श्वासाबरोबर ओढतात. तो विषारी नसला तरी प्राणवायूची जागा घेतो, आणि नळकांड्यांतून थेट ओढल्यास प्राणावर बेततें. ही गंमत मुलांस करूं देऊं नये. फुगा आणावयाचाच तर विक्रेत्यास वायूचें नांव विचारावें, व एकदोन फुग्यांवर समाधान मानावें.