भिंत नसलेला तुरुंग

सोलापूरहून सांगोल्याच्या वाटेने निघालात आणि जिल्ह्याची हद्द ओलांडलीत, की आटपाडी तालुका लागतो. तिथलं स्वतंत्रपूर म्हणजे भिंत नसलेला तुरुंग. औंध संस्थानात १९३९ साली, मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी, आणि सोबत बायकापोरं, शेती!

या प्रयोगावरूनच माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी बर्लिनचं रौप्य अस्वलही. बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्याला जबर इजा झाली, हा किस्सा सगळेच सांगतात. मला मात्र भाजीबाजार आठवतो. कैदी रास्त भावात भाजी विकतात, मापात मारत नाहीत, आणि व्यापाऱ्यांचं पित्त खवळतं. मार्केट यार्डात कांद्याची पट्टी हातात घेऊन मुकाट उभ्या राहिलेल्या सोलापूरकराला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून यंदा आमच्या अंकाच्या मुखपृष्ठावर बैल नाही. तागडी आहे.